देवघर, वही आणि उंबरठा

रेणापूर तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी आणि त्यांच्या शेजारणीने एकाच वर्षी, एकाच बचत गटातून कर्ज घेऊन मसाले आणि पापड-कुरडयांचा व्यवसाय सुरू केला. शेजारीण भजनी मंडळात जाते, गुरुवार धरते, पौर्णिमेला तुळजापूर करते आणि तिचा माल आज आसपासच्या तीन गावांत जातो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा देवधर्म घरच्या दिव्यापुरता आहे आणि दोन वर्षांनंतरही त्यांची विक्री होती तिथेच आहे. देवाचे काही केले नाही म्हणून यश नाही, असे सासूबाई म्हणतात. श्रद्धेचा आणि धंद्याच्या यशाचा खरोखर काही संबंध असतो का, हे ताईंना जाणून घ्यायचे आहे.

लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांत बचत गटांबरोबर मी सव्वीस वर्षे काम केले आहे, सुरुवातीला सहयोगिनी, म्हणजे गावोगावी जाऊन गटांना मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून आणि नंतर उद्योजकता प्रशिक्षक म्हणून. मी स्वतः वारकरी घरातली आहे आणि एकादशी करते, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते श्रद्धेकडे दुरून पाहणाऱ्या बाईने लिहिलेले नाही. ताई, संबंध आहे, मात्र सासूबाई सांगतात त्या वाटेने तो येत नाही. आपल्या भागात धार्मिकता बाईला एक मुभा देते: घराबाहेर पडण्याची, चार बायकांत बसण्याची आणि प्रसंगी तोंडावर नकार देण्याची. पुरुषाला ही मुभा न मागता मिळालेली असते, म्हणून त्याच्या धंद्याची चर्चा करताना ती कोणी मोजत नाही.

आधी तुलनेबद्दल बोलू, कारण तिथेच पहिली चूक होते. मराठवाड्यात देवाला न मानणारी उद्योजक महिला मला क्वचितच भेटली. ज्यांचा धंदा चालला त्या देवघरासमोर बसत होत्या आणि ज्यांची गिरणी दोन वर्षांत विकली गेली त्याही बसत होत्या. दोन्हीकडे सारखीच असलेली गोष्ट यशाचे कारण म्हणून कशी दाखवता येईल? दुसरे असे की धंद्यात चार पैसे मिळाले की बाई मंदिराला समई देते, सप्ताहात एक पंगत घालते आणि तिच्या नावाचा पुकारा होतो. गाव तो पुकारा ऐकते आणि देवधर्म केला म्हणून पैसा आला असे समजते, पण घटनांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. बुडालेल्या धंद्यांच्या मालकिणींनी केलेले उपवास कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

आता मुभेचे पाहू. मी काम सुरू केले त्या काळात गटाची बैठक ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली तर आठ-दहा जणी येत, आणि तीच बैठक मारुतीच्या किंवा विठ्ठलाच्या मंदिराच्या सभामंडपात ठेवली तर सगळ्या येत. ग्रामपंचायतीत जायचे तर नवऱ्याला विचारावे लागे, मंदिरात जायला विचारावे लागत नसे. आज परिस्थिती बरीच बदलली आहे, पण अजूनही अनेक घरांत "बाजारात जाऊन येते" या वाक्यावर चार प्रश्न निघतात आणि "भजनाला जाऊन येते" यावर एकही निघत नाही. तुमची शेजारीण आठवड्यातून एकदा दोन तास तीस-चाळीस बायकांत बसते. कोणाच्या घरी लग्न ठरले, कोणाला रुखवताच्या कुरडया हव्यात, कोणाची सून बाळंत झाली आणि डिंकाचे लाडू कोण करून देईल, ही सगळी माहिती तिला तिथे आयती मिळते. शहरातला व्यापारी याच माहितीसाठी माणसे नेमतो. शिवाय त्या बायका तिला हाताने टाळ वाजवताना पाहतात, तिचा स्वभाव ओळखतात, आणि खाण्याच्या वस्तूच्या धंद्यात करणारीवरचा भरवसा हाच अर्धा धंदा असतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अहमदाबादच्या 'सेवा' या महिला संघटनेच्या बँकेच्या सभासद महिलांना दोन दिवसांचे व्यवसाय प्रशिक्षण देऊन त्याचा परिणाम एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी तपासला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या हिंदू सवर्ण महिलांवर वावरण्याची आणि भेटीगाठींची बंधने अधिक होती त्यांना प्रशिक्षणाचा लाभ झाला, मात्र ज्यांच्यावरची बंधने सर्वांत कडक होती त्या मुस्लिम महिलांना तो झाला नाही. पुढे याच बँकेच्या सभासदांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात असे दिसले की ज्या महिलांना मैत्रिणीसह प्रशिक्षणाला बोलावले त्यांनी कर्ज घेऊन ते धंद्यात घालण्याचे प्रमाण वाढले आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचे उत्पन्नही अधिक होते. ज्या समाजगटांत बाईच्या फिरण्यावर बंधने अधिक, त्यांच्यात हा मैत्रिणीचा परिणाम जास्त ठळक होता. भजनी मंडळ हे आपल्याकडचे मैत्रिणीसह बाहेर पडण्याचे सर्वांत जुने निमित्त आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचे नाव घेऊन बायका एकत्र जमत आल्या आहेत, तेव्हा बचत गट हा शब्दही कोणाला माहीत नव्हता.

मुभेचा दुसरा भाग नकाराचा आहे, आणि माझ्या मते तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे बायकांचे छोटे धंदे तोट्यापेक्षा उधारीने अधिक बुडतात. जावेला, नणंदेला, सरपंचाच्या घरी किंवा वरच्या आळीतल्या मावशींना "रोख द्या" असे सुनेने म्हणायचे कसे? औसा तालुक्यातील एका किराणा दुकानदार बाईने मला तिची युक्ती सांगितली होती. सकाळची पहिली विक्री, म्हणजे आपण जिला भवानी म्हणतो, ती झाल्याशिवाय ती उधार देत नसे आणि दिवेलागण झाल्यावरही देत नसे, कारण तिन्हीसांजेला घरातली लक्ष्मी बाहेर घालवायची नसते. मंगळवार आणि शुक्रवार तर देवीचेच वार. असे करता करता आठवड्यात उधारीसाठी मोकळा वेळ थोडाच उरत असे. "मी देत नाही" म्हटले असते तर भांडण झाले असते, पण "देवीचा वार आहे हो" म्हटल्यावर मागणारीच कानाला हात लावून निघून जाई. ही बाई मनापासून श्रद्धाळू होती, ढोंग करीत नव्हती, तरी त्या श्रद्धेने तिच्या दुकानात जे काम केले ते एखाद्या कडक वसुली अधिकाऱ्याचे होते.

नियमितपणाबद्दलही लोक बोलतात. पहाटे उठणे, व्रत न मोडणे, शब्द पाळणे या सवयी हप्ता फेडायला उपयोगी पडतात हे खरे आहे. तथापि मला त्याचे फार अप्रूप वाटत नाही, कारण शेतात मजुरीला जाणारी प्रत्येक बाई पहाटेच उठते. गटाच्या पंचसूत्रीतल्या नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पाच गोष्टी कोणत्याही व्रताइतक्याच काटेकोर आहेत आणि त्यांना धर्म लागत नाही.

मुभा जिथे धर्माच्या दारातून येते तिथे ते दार काही जणींना बंदही असते. विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावणे नसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावातल्या बायका घरोघर जातात, वाण देतात, नवीन ओळखी होतात, आणि नेमक्या त्याच काळात उन्हाळी वाळवणाच्या मागण्या ठरतात. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या कितीतरी बायका आपल्या जिल्ह्यांत आहेत, ज्यांना धंद्याची गरज सर्वांत अधिक आणि या ओळखींच्या साखळीत जागा सर्वांत कमी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले, पण परिपत्रकाने कोणी वाण देत नाही. ज्या गटांनी संक्रांतीचा कार्यक्रम गटाच्या नावाने ठेवला, सगळ्यांना तिळगूळ दिला आणि कुंकवाचा करंडा मध्ये आणलाच नाही, तिथे फरक पडलेला मी पाहिला आहे.

खरेदी करणाऱ्याची श्रद्धा हा विषयही टाळता येत नाही. केज तालुक्यातील बौद्ध महिलांचा एक गट उत्तम काळा मसाला आणि लोणचे करीत असे. त्यांच्या स्वतःच्या गावात सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांनी तो कधी घेतला नाही, आणि लातूरच्या प्रदर्शनात मात्र तिसऱ्या दिवशी बरण्या संपल्या, कारण तिथे चव पाहणारा आडनाव विचारत नव्हता. त्यांना गावातच विका असा सल्ला आम्ही प्रशिक्षक वर्षभर देत राहिलो, ही आमची चूक होती. पुढे त्यांनी १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात जमणाऱ्या गर्दीत टेबल लावायला सुरुवात केली आणि ते गणित त्यांनी स्वतःच जुळवले, आमच्याशिवाय.

मुस्लिम महिलांच्या गटांत प्रश्न वेगळा असतो. गटातल्या अंतर्गत कर्जावर सामान्यतः महिन्याला दोन टक्के व्याज घेतात, आणि व्याज घेणे-देणे धर्माने निषिद्ध मानणाऱ्या बाईला ते अडचणीचे वाटते. व्याज शेवटी सभासदांतच वाटले जाते या युक्तिवादाने काही जणींचे समाधान होते, काही जणींचे होत नाही, आणि ज्यांचे होत नाही त्यांच्याशी वाद घालू नये असे मी शिकले आहे. उदगीरकडील एका गटाने बिनव्याजी कर्ज आणि वही-कागदाच्या खर्चासाठी दरमहा ठरावीक वर्गणी अशी पद्धत ठेवली आणि ती अनेक वर्षे चालली. बँकेचे मोठे कर्ज त्यांनी घेतले नाही, त्यामुळे त्यांचा शेवयांचा धंदा एका यंत्रापुरताच राहिला. श्रद्धेची किंमत त्यांनी मोजली आणि ती मोजत असल्याचे त्यांना ठाऊक होते.

शेवयांवरून आठवले. धर्माचा धंद्याशी सर्वांत सरळ संबंध मागणीच्या अंगाने येतो आणि तिथे विकणारीच्या श्रद्धेची गरजच नसते, पंचांग वाचता आले की पुरते. रमजान चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून शीरखुर्म्याच्या शेवयांचा हंगाम कधी उन्हाळी वाळवणाबरोबर येतो तर कधी थंडीत जातो. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या वाणाला अनारसे लागतात, त्यांचे पीठ आधी करून ठेवता येते आणि ज्या बाईने ते ठेवले तिचा महिना चांगला जातो. मात्र अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तो आला की रुखवताच्या मागण्या मध्येच थांबतात. हे ज्यांनी आधी पाहिले नाही त्यांच्या घरात कुरडयांचे डबे पावसाळ्यापर्यंत पडून राहतात आणि मग त्यांना बुरशी लागते. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचा फुलोरा, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठीचा शिधा, लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावास्येची भज्जी आणि आंबील, असे सांगत गेले तर वर्ष भरेल. येळवशीला, म्हणजे याच वेळ अमावास्येला, बाजार बंद असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण आदल्या दोन दिवसांत शहरातल्या नोकरदार घरांना निवडलेल्या भाज्या आणि सोललेले दाणे लागतात हे फार थोड्या जणींनी हेरले आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. सोवळ्यात केलेला पदार्थ स्वच्छ असतोच असे नाही. उपवासाच्या भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात, कारण दमट जागी ठेवलेल्या भगरीला किंवा तिच्या पिठाला बुरशी धरते आणि बुरशीचे विष शिजवून पूर्णपणे जात नाही. लहान उलाढालीच्या अन्नव्यवसायाला अन्न सुरक्षा नोंदणी अल्प शुल्कात मिळते. देवाच्या नावाचे लेबल लावणाऱ्यांनी त्याखाली नोंदणी क्रमांक आणि तयार केल्याची तारीखही लावावी.

आता श्रद्धा कुठे महाग पडते ते सांगते. सर्वांत मोठा खड्डा नवसाचा. एका बाईने मिरची-कांडपाचा धंदा बरा चालू असताना जागरण-गोंधळ आणि जेवणावळीसाठी गटातून चाळीस हजार रुपये उचलले. महिना दोन टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच आठशे रुपये झाले, पण खरे नुकसान त्याहून वेगळे होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल मिरची स्वस्त असते आणि वर्षाची खरेदी तेव्हाच करायची असते, ती तिला करता आली नाही, आणि पुढे तीच मिरची तिने व्यापाऱ्याकडून उधारीवर चढ्या भावाने घेतली. तिला नवस करू नको असे सांगणारी मी कोण? पण त्यानंतर मी प्रशिक्षणात देवीचा डबा सांगू लागले: विक्रीच्या शंभर रुपयांमागे दोन रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे आणि डबा भरेल तेव्हा नवस फेडायचा. देवीला घाई नसते, घाई भाऊबंदांना असते. हे वाक्य बायकांना लगेच पटते.

मुहूर्ताचे नुकसान त्यामानाने कमी, कारण त्यातून वाट निघते. पितृपक्षात यंत्र घ्यायचे नसेल तर न घ्या, पण उद्यम नोंदणी, दरपत्रके, बँकेचे कागद यांना कोणताही पक्ष लागत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेखाली, म्हणजे ज्यात यंत्रसामग्रीवर पस्तीस टक्के अनुदान मिळत होते त्या योजनेखाली, मी करून घेतलेल्या कित्येक प्रकरणांचे कागद पितृपंधरवड्यात पूर्ण झाले आणि पूजा दसऱ्याला झाली. मासिक पाळीत पापड-लोणच्याला हात न लावण्याची प्रथा मात्र अजून जड जाते, कारण सात जणींच्या गटात जवळजवळ प्रत्येक आठवड्याला एक-दोन हात कमी पडतात. यावर मी सुरुवातीला भाषणे केली आणि ती वाया गेली. त्या दिवसांत वजन, लेबल, वही आणि बाजार यांची कामे द्यायची, असे ठरवल्यावर मागण्या वेळेवर जाऊ लागल्या, आणि एका दिवाळीत मोठी मागणी आली तेव्हा गटातल्या वयस्कर बाईनेच "बसा गं सगळ्या लाटायला" असे सांगितले. आणि धंदा कोणीतरी बांधला आहे, करणी केली आहे, असे सांगून पैसे मागणारा बाबा दारात आला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात ठेवा.

ताई, आता तुमच्या वहीकडे येते. शेजारणीच्या आणि तुमच्या मसाल्यात फरक असेलही, पण मला वाटते फरक ओळखींत आहे. मागच्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे ते गिऱ्हाईक तुम्हाला कसे ओळखते ते लिहा. नावे सासर-माहेर आणि गल्ली एवढ्यातच संपत असतील तर तुमचा धंदा उंबरठ्याशी अडला आहे. केवळ विक्रीसाठी भजनी मंडळात जा असे मी सांगणार नाही. बायका ते चार दिवसांत ओळखतात आणि मग मसालाही घेत नाहीत. ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाची, बैठक, शाळेतली पालक सभा, आठवडी बाजारातली दोन हात जागा, यांपैकी एक ठिकाण निवडा आणि दर वेळी तिथेच, त्याच वेळी दिसा. पहिले दोन महिने शक्य झाल्यास मैत्रिणीला बरोबर न्या.

आणखी एक उपाय तुमच्या घरातच आहे. सासूबाई देवधर्म करतात म्हणजे त्यांना सगळीकडे प्रवेश आहे. हरिनाम सप्ताह आला की त्यांच्या पिशवीत मसाल्याच्या पुड्या द्या आणि विक्रीतला ठरावीक वाटा त्यांच्या हातात ठेवा. तो त्या देवाला देतील की नातवंडांना, ते त्यांचे त्या पाहतील. पुड्या शंभर ग्रॅमच्याच करा, किलोच्या नकोत, कारण कीर्तनाला निघालेली बाई कमरेला वीस-पन्नास रुपयेच लावून निघते.